नाकालगतच्या विवरांचा जुनाट दाह : समज, परिणाम आणि खबरदारी

मृगाच्या सरी कोसळू लागल्यापासून दिवाळीनंतरची थंडी अंगवळणी पडेपर्यंत आपल्याकडील बहुतेक घरांत कोणाचे ना कोणाचे नाक वाहत असते, आणि पडसे आपल्या पावलांनी येते व आपल्या पावलांनी जाते अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री असल्यामुळे त्याची फारशी दखल कोणी घेत नाही. बहुसंख्य प्रसंगी ही खात्री खरीही ठरते. परंतु आठवड्या-दीड आठवड्यात मोकळे व्हावयाचे नाक ज्याचे महिने लोटले तरी चोंदलेलेच राहते, ज्याच्या घशात रात्रंदिवस चिकट कफ उतरत असतो, ज्याला सकाळी उठताच गाल व कपाळ जड वाटते आणि स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वासही ज्याला कळेनासा होतो, त्याचे दुखणे ‘सर्दीच तर आहे’ या मामुली सदरात टाकून देणे कदापि योग्य नव्हे. नाकालगतच्या अस्थिविवरांचा, म्हणजे सायनसांचा, हा जुनाट दाह असण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि त्याची तड वेळीच लावणे इष्ट असते.

या विकाराच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. काही जण वर्षानुवर्षे हयगय करतात. काही जण उतावीळपणे आज नाकात थेंब, उद्या प्रतिजैविके, परवा कोणी सांगितलेली धुरी, असे उपाय बदलीत राहतात आणि एकालाही पुरता अवधी देत नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब जसा रोजच्या नेमाने ताब्यात ठेवावा लागतो, तसाच हा विकारही बहुतांशी नेमानेच काबूत राहतो, हे एकदा मनात पक्के बिंबले म्हणजे पुढची वाट पुष्कळच सुकर होते.

विवरांची रचना आणि निचरा

चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : एक गालांत, एक भुवयांच्या वर कपाळात, एक दोन डोळ्यांच्या मध्ये लहान लहान कप्प्यांच्या समूहाच्या रूपाने, आणि एक कवटीच्या तळाशी खोलवर. या सर्वांची तोंडे नाकात उघडतात आणि सर्वांना आतून श्लेष्मल त्वचेचे पातळ, ओलसर अस्तर असते. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म रोम असून ते सेकंदाला दहा-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेगाने लवत असतात, आणि त्यांच्या या अखंड हालचालीमुळे धूळ, परागकण व जंतू ज्यात अडकले आहेत असा श्लेष्म्याचा थर विवराच्या तोंडाकडे आणि तेथून घशाकडे सरकत राहतो. निरोगी नाकात हा थर दहा ते वीस मिनिटांत बदलून नवा होतो. दिवसभरात असा कितीतरी श्लेष्मा आपण नकळत गिळतो आणि त्यात वावगे काहीच नसते.

गालातील विवर हे चौहोंत सर्वांत मोठे. 1651 साली इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ नॅथॅनियल हायमोर यांनी त्याचे तपशीलवार वर्णन केले, म्हणून दीर्घकाळ ते त्यांच्याच नावाने ओळखले जात असे. प्रौढ माणसात त्याची धारणशक्ती सुमारे 15 मिलिलिटर असते. परंतु त्याच्या रचनेतील खरी मेख अशी की त्याचे तोंड तळाशी नसून आतल्या भिंतीवर बरेच उंचावर असते. माणूस उभा किंवा बसलेला असताना तेथील श्लेष्मा आपल्या वजनाने खाली गळून जाऊ शकत नाही. रोमांनीच तो वर चढवून बाहेर न्यावा लागतो. अस्तराला सूज आली की हे अरुंद तोंड मिटते, रोमांची गती मंदावते, श्लेष्मा आत साचून घट्ट होतो, त्यात जंतूंची वाढ होते आणि त्यामुळे मूळची सूज आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झाले म्हणजे बाहेरून कितीही शेक दिला किंवा लेप लावले तरी ते थांबत नाही. तेव्हा या विकाराचे मूळ ‘डोक्यात कफ भरला आहे’ यात नसून अस्तराची सूज आणि अडलेला निचरा यांत आहे, आणि पुढे सांगावयाच्या प्रत्येक उपायाची कसोटी एकच : त्याने सूज उतरते काय आणि मार्ग मोकळा होतो काय?

दाह जुनाट केव्हा म्हणावा

चार आठवड्यांच्या आत बरा होणारा दाह तीव्र समजतात. लक्षणे 12 आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली म्हणजे तो जुनाट ठरतो. नाक चोंदणे, नाकातून पुढे किंवा घशात मागे घट्ट स्राव येणे, चेहऱ्यावर दाब किंवा वेदना जाणवणे आणि वास कमी येणे ही चार मुख्य लक्षणे होत. यांपैकी निदान दोन असावीत आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. त्यातही केवळ लक्षणांवर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाकात दुर्बीण घालून किंवा सीटी स्कॅन काढून खातरजमा करावी लागते. हा स्कॅन साध्या पडशाच्या ऐन भरात काढू नये, कारण त्या वेळी बहुतेकांची विवरे सुजलेलीच दिसतात आणि निष्कारण घबराट होते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नाक स्वच्छ वाहते आहे, वास नीट येतो आहे, पण अधूनमधून कपाळ किंवा डोळ्यांमागचा भाग ठणकतो, प्रकाश सोसवत नाही, मळमळते, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांचे दुखणे पुष्कळदा विवरांचे नसून अर्धशिशीचे असते. अर्धशिशीच्या झटक्यात नाक चोंदणे व डोळ्यांतून पाणी येणे हेही घडू शकत असल्यामुळे घोटाळा सहज होतो, आणि माणूस वर्षानुवर्षे चुकीच्या रोगाची औषधे घेत राहतो. डोकेदुखी हेच ज्यांचे एकमेव लक्षण आहे त्यांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे आवर्जून मांडावा.

परिणाम : दिसणारे आणि न दिसणारे

या विकाराने माणूस सहसा अंथरुणाला खिळत नाही, आणि म्हणूनच त्याचे खरे ओझे इतरांच्या ध्यानात येत नाही. नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो, रात्री घसा कोरडा पडतो, झोप वरचेवर मोडते, आणि सकाळी उठलेला माणूस झोपताना होता तितकाच थकलेला असतो. कचेरीत कामावर चित्त ठरत नाही, स्वभाव चिडचिडा होतो, उत्साह मावळतो. घरच्यांना वाटते की हा आळशी झाला. वस्तुतः ही सुस्ती दीर्घकाळ चाललेल्या दाहाचा आणि मोडलेल्या झोपेचा परिणाम असते.

घ्राणशक्ती गमावणे हे तर सर्वांत उपेक्षित नुकसान. वास गेला की जेवणाची गोडी जाते, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग वस्तुतः वासच असतो. वरणाला हिंगाची फोडणी दिली काय आणि न दिली काय, अशा माणसाला दोन्ही सारखेच. पण प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. उतू गेलेले दूध करपले, भाजी आंबली, सिलिंडरची नळी गळू लागली, तर त्याची वर्दी नाकानेच द्यावयाची असते. ज्यांचा वास गेला आहे त्यांनी स्वयंपाकघरात वायुगळती सांगणारे यंत्र बसवून घ्यावे आणि उरलेल्या अन्नाबाबत वासावर न विसंबता घरातील दुसऱ्या कोणाची साक्ष घ्यावी.

नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके असल्यामुळे ज्यांना दमा आहे त्यांचा दमा विवरांच्या दाहाने बळावतो, आणि नाकाकडे नीट लक्ष पुरविले असता दमाही आटोक्यात येण्यास साहाय्य होते. काही रोग्यांच्या नाकात द्राक्षाच्या मण्यासारखे फिकट, मऊ कोंब वाढतात. लोक त्याला ‘नाकात मांस वाढले’ म्हणतात. कोंब व दमा हे दोन्ही ज्यांना आहेत त्यांतील काहींना ॲस्पिरिन किंवा त्या जातीची वेदनाशामके घेताच दम्याचा गंभीर झटका येतो, म्हणून त्यांनी डोके दुखले की दुकानातून कोणतीही गोळी आणण्याचा शिरस्ता मोडून टाकावा.

कारणे आणि घरातील बंदोबस्त

कारण क्वचितच एकटे असते. ॲलर्जी, वारंवार होणारे पडसे, धूर, नाकाचा वाकडा पडदा, वर सांगितलेले कोंब, बुरशीविषयीची अतिसंवेदनशीलता, वरच्या दाढांचे दुखणे, आणि क्वचित शरीराची कमी झालेली प्रतिकारशक्ती, यांपैकी दोन-तीन कारणे एकत्र येतात. ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु थोडाफार वाकडा पडदा कित्येक निरोगी माणसांतही आढळतो, आणि निचऱ्याच्या मार्गात अडथळा आणीत असेल तरच त्याला दोषी धरावे.

दाढांचा दाखला विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. वरच्या दाढांची मुळे गालातील विवराच्या तळाला अगदी लगटून असतात, कधी कधी मध्ये हाडाचा केवळ पातळ पापुद्रा उरतो. म्हणून किडलेल्या दाढेचा पू थेट विवरात उतरू शकतो. स्राव एकाच बाजूने येत असेल आणि त्याला दुर्गंधी असेल, तर आधी दंतवैद्याकडे जावे. दाढेचा इलाज झाल्यावाचून नाकाची कोणतीही औषधे लागू पडणार नाहीत.

घरातील खबरदारीत धुराला पहिला मान द्यावा लागेल. विडी-सिगारेटचा धूर रोमांना पंगू करतो, मग तो स्वतः ओढलेला असो की शेजारी बसून सोसलेला असो. चुलीचा धूर, बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, देवघरात दाटलेला धूप आणि उदबत्ती यांचाही अस्तराला जाच होतो. श्रद्धेला यत्किंचितही बाध न आणता समईने भागविता येते, आणि डासांसाठी मच्छरदाणीसारखा उत्तम व निर्धोक उपाय नाही. दुसरा मान धुळीतील सूक्ष्म किड्यांचा. हे गाद्या, उशा, गोधड्या यांत राहतात आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत विशेष फोफावतात. अभ्रे व चादरी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवाव्यात, उन्हाच्या दिवसांत गाद्या उन्हात टाकाव्यात, आणि कोरड्या केरसुणीने धुरळा उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल व काळी बुरशी केवळ रंगाखाली झाकून न ठेवता गळती शोधून ती बंद करण्याची तजवीज करावी.

नाक शिंकरण्याची रीतही महत्त्वाची आहे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरले तर स्राव उलट विवरांत ढकलला जातो. एक नाकपुडी अलगद दाबून दुसरी हळू शिंकरावी. पडशाच्या दिवसांत हात वारंवार धुवावेत.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे

जुनाट दाहावर घरच्या घरी करता येण्याजोगा, स्वस्त आणि आधुनिक वैद्यकानेही उचलून धरलेला उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. हठयोगातील षट्कर्मांत नेतीचा समावेश आहे, आणि 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामासारख्या संस्थांनी अशा क्रियांचा विज्ञानाच्या अंगाने विचार करण्याची परंपरा आपल्याकडे घालून दिली. जलनेतीने घट्ट श्लेष्मा, धूळ व परागकण धुऊन निघतात आणि त्यानंतर मारलेले औषध अस्तरापर्यंत पोहोचते.

मात्र पाण्याविषयी तिळमात्र ढिलाई चालणार नाही. नळाचे, विहिरीचे किंवा गच्चीवरील टाकीचे पाणी तसेच वापरू नये. पोटात गेले असता जे निरुपद्रवी ठरते ते पाणी नाकावाटे आत गेले असता त्यातील विशिष्ट अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा याच कारणाने मृत्यू झाला. असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत, पण ते टाळणे पूर्णतः आपल्या हाती आहे. पाणी खळखळून उकळावे, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे, आणि झाकून कोमट होऊ द्यावे. अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चहाच्या चमच्याहून किंचित कमी, म्हणजे चार-पाच ग्रॅम, मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळावा. मोरीवर किंवा बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घेत राहावे, आणि नेतीपात्राची चोच वरच्या नाकपुडीला लावून धार सोडावी. पाणी दुसऱ्या नाकपुडीने बाहेर येते. मग बाजू बदलावी. नंतर पुढे वाकून उरलेले पाणी गळू द्यावे, हलके शिंकरावे, आणि पात्र स्वच्छ धुऊन कोरडे करून ठेवावे. नाक झोंबले तर मिठाचे प्रमाण चुकले असे समजावे. कान दुखत असताना, नाकातून रक्त येत असताना किंवा नाक पूर्ण बंद असताना हा प्रयोग करू नये.

वाफाऱ्याने क्षणिक आराम वाटतो, तो घेण्यास प्रत्यवाय नाही. पण त्याने रोग बरा होत नाही, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चादर घेऊन बसलेली मुले भाजल्याचे प्रकार वारंवार घडतात. मुलांना असा वाफारा मुळीच देऊ नये. ओव्याची पुरचुंडी हुंगणे निराळे आणि निखाऱ्यावर ओवा-हळद टाकून धुरी घेणे निराळे; सुजलेल्या अस्तरावर धूर सोडणे हा उपचार नव्हे.

औषधे : कोणती आवरावीत, कोणती धरून ठेवावीत

नाक मोकळे करणारे थेंब दोन मिनिटांत गुण देतात, आणि म्हणूनच त्यांची भूल पडते. पाच-सात दिवसांहून अधिक काळ ते वापरले असता त्यांचा अंमल उतरताच नाक पूर्वीहून अधिक चोंदते, पुन्हा थेंब घालावे लागतात, आणि उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप येईनाशी होते. ही सवय जडलेल्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, ती सुटते.

स्टेरॉइडचा फवारा याच्या नेमका उलट. तो संथपणे काम करतो, गुण दिसायला आठवडे लागतात, आणि चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून लोक तो टाकून देतात. स्टेरॉइड या नावाची धास्तीही असते. परंतु फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असून तिचा बहुतांश परिणाम नाकापुरताच राहतो. सूज उतरविणारे हेच मुख्य औषध होय. नाक धुतल्यावर थोड्या वेळाने, मान किंचित खाली घालून, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा वापरावा, म्हणजे फवाऱ्याचे तोंड आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेला वळते. पडद्यावरच फवारा मारीत राहिल्यास तेथे खपली धरून रक्त येऊ लागते. फवारल्यावर जोराने हुंगू नये, नाही तर औषध घशात उतरते.

प्रतिजैविकांविषयी संयम हवा. साधे पडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काही इलाज चालत नाही. स्राव पिवळा किंवा हिरवा झाला एवढ्यावरून ती सुरू करू नयेत. हा रंग शरीराच्या संरक्षक पेशींमुळे येतो. दहा दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा जोराने उलटले असेल, तर डॉक्टर त्यांचा विचार करतील. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून ती परस्पर आणणे हा स्वतःवर आणि समाजावरही अन्याय आहे.

शस्त्रक्रिया आणि धोक्याच्या खुणा

नेमाने उपचार करूनही गुण आला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. 1893 मध्ये न्यूयॉर्कचे कॉल्डवेल आणि 1897 मध्ये पॅरिसचे ल्यूक यांनी सुचविलेल्या पद्धतीत ओठाखालून गालाचे हाड फोडून आत शिरावे लागे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून श्लेष्म्याचे मार्ग न्याहाळले, आणि नैसर्गिक तोंडच मोकळे केले तर आतले अस्तर आपोआप सुधारते हे दाखविले. आजची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया त्याच सिद्धांतावर उभी आहे. ‘ऑपरेशन केले तरी पुन्हा होतेच’ असे जे ऐकू येते त्याचे कारण बहुधा हे की शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा होतो, सुजण्याची प्रवृत्ती मात्र राहते; त्यामुळे नाक धुणे व फवारा हा नेम नंतरही चालूच ठेवावा लागतो.

काही खुणा दिसल्या तर दिरंगाई करू नये. डोळ्याभोवती सूज व लाली, एकाच्या जागी दोन दिसणे किंवा दृष्टी मंदावणे, कपाळावर फुगवटा, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान ताठरणे, गुंगी, एकाच बाजूने वारंवार रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसने जो हाहाकार उडविला तो स्मरणात असेलच. तो जुनाट दाहाहून सर्वस्वी निराळा व झपाट्याने पसरणारा रोग, परंतु त्याचीही सुरुवात नाक व विवरांतूनच झाली आणि अनियंत्रित मधुमेह असणाऱ्यांना त्याने विशेष ग्रासले. म्हणून मधुमेही माणसाच्या चेहऱ्याचा एक भाग बधिर झाला, टाळूवर किंवा नाकात काळी खपली दिसली, तर तासांचाही विलंब घातक ठरतो.

वाचकांना अखेरची विनंती एवढीच की ज्यांचे नाक तीन महिन्यांपासून मोकळे झालेले नाही त्यांनी यंदाचा पावसाळा संपण्याची वाट न पाहता एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, जो उपचार ठरेल तो निदान दोन-तीन महिने एकही दिवस न चुकविता करावा, आणि मगच त्याच्या गुणावगुणाचा निवाडा करावा. ज्यांनी ही चिकाटी दाखविली त्यांतील बहुतेकांचा श्वास मोकळा होतो.